गावच्या घरातला फाइल सर्व्हर आपोआप चालू-बंद करणे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी माजघरात एका जुन्या डेस्कटॉपचा फाइल सर्व्हर केलेला आहे. घरात आई-बाबा असतात, मी रत्नागिरीत आणि भाऊ डोंबिवलीला. लग्नांचे व्हिडिओ, सातबाऱ्याचे स्कॅन, आंब्याच्या पेट्यांचे हिशेब आणि गेल्या पंधरा वर्षांचे फोटो, सगळं त्यातच. त्याच्याकडे बघायला घरात कोणी नाही, म्हणून तो स्वतःचा स्वतः उठावा आणि स्वतःच झोपावा अशी सोय हळूहळू करत गेलो. ओळखीपाळखीतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितोय.

लाईटबिल वाचावं म्हणून हा खटाटोप का?

थोडंफार वाचतं. माझं मशीन नुसतं बसून 38 वॅट खातं, हे मी मीटर लावून पाहिलंय. चोवीस तास चालवलं तर महिन्याला 27 युनिट होतात. रोज पाचच तास चालवलं, तर बंद असतानाचा दीड वॅट धरूनही साडेसहा युनिट. म्हणजे वीस-एकवीस युनिटची बचत. ज्यांचं बिल शंभर युनिटच्या काठावर असतं त्यांना ती जरा जास्त जाणवेल, कारण शंभराच्या पुढे दर चढतो.

पण माझं कारण बिल नाही. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि बंद असलेल्या सर्व्हरवर लाईट गेली तर त्याचं काहीच वाकडं होत नाही. दिवसाचे एकोणीस तास तो बंद असेल, तर त्या एकोणीस तासांची चिंता मिटली.

वेक-ऑन-लॅन म्हणतात ते नक्की काय?

कॉम्प्युटर बंद केला तरी त्याचा पॉवर सप्लाय 5 व्होल्टचा एक बारीक प्रवाह चालू ठेवतो. त्यावर नेटवर्क कार्ड अर्धवट जागं राहतं. घरातल्या नेटवर्कवरून त्याला एक ठरावीक संदेश आला, की ते मदरबोर्डला उठवतं. या संदेशाला मॅजिक पॅकेट म्हणतात. त्यात जादू काही नाही. सुरुवातीला सहा बाइट सगळे ‘एफएफ’, मग त्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, सोळा वेळा. एकूण 102 बाइट. एखाद्याला लांबून सोळा वेळा नावाने हाक मारावी, तसं.

पासवर्ड लागत नाही. घरच्या वायफायवर असलेला कोणीही उठवू शकतो, पण नुसतं उठवून त्याला फाइली मिळत नाहीत, तेव्हा याची काळजी करू नका.

सगळं केलं तरी उठत नाही. काय राहिलं असेल?

बहुतेक वेळा या चारपैकी एक. बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, वेक-ऑन-लॅन किंवा ‘वेक ऑन पीसीआयई’ बंद असतं. तिथेच ‘ईआरपी’ नावाची वीजबचत चालू असते. ती तो 5 व्होल्टचा प्रवाहच तोडते, म्हणून ती बंद करा. तिसरं, लिनक्सने (सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमने) बंद होताना कार्डाचं ऐकणं बंद केलेलं असतं. कार्डाची सेटिंग दाखवणाऱ्या एथटूल या कमांडमध्ये ‘वेक-ऑन’च्या पुढे ‘जी’ दिसायला हवं. ‘डी’ दिसलं तर कान बंद. आणि हे एकदा करून पुष्कळदा टिकत नाही, दर वेळी सुरू होताना ते पुन्हा लागू होईल अशी सोय करावी लागते. चौथं म्हणजे वायफाय. सर्व्हरला लॅनची वायर हवीच, वायफायवरून उठवण्याच्या नादाला लागू नका.

विंडोज असेल तर ‘फास्ट स्टार्टअप’ आधी काढा.

ठरलेल्या वेळी तो स्वतःच नाही का उठणार?

उठतो. मदरबोर्डवर घड्याळ असतं आणि बायॉसमध्ये त्याचा गजर लावता येतो. लिनक्समधून आरटीसीवेक या कमांडनेही लावता येतो, आणि ते बरं पडतं, कारण झोपताना पुढच्या वेळेचा गजर तो स्वतःच लावून झोपतो.

मी सुरुवातीला बायॉसमधून लावला होता, संध्याकाळी सातचा. आठवडाभर सर्व्हर संध्याकाळी कधीच चालू नसायचा. बाबा फोनवर सांगायचे, ‘अरे, मध्यरात्री काहीतरी घरघरतं.’ मला वाटलं पंखा. लिनक्स ते घड्याळ सहसा जागतिक वेळेवर ठेवतं आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, हे मला माहीत होतं, पण वेळेवर आठवलं नाही. बायॉसमधले सात म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा. संध्याकाळी सातला उठवायचं तर तिथे दुपारचे 13:30 लिहावे लागतात.

जुन्या मशीनची सीआर 2032 बटण बॅटरी आधी बदला. ती उतरलेली असेल तर लाईट गेली की घड्याळ आणि बायॉसची सेटिंग दोन्ही पुसली जातात. मग बाकीचं सगळं बरोबर असूनही तो उठत नाही आणि तुम्ही वायर तपासत बसता.

आणि बंद कधी व्हायचं, हे त्याला कसं कळणार?

दर पाच मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट चालवायची आणि तिने काही गोष्टी बघायच्या. सांबावर, म्हणजे घरातल्या बाकी मशीनना फाइली देणाऱ्या प्रोग्रॅमवर, कोणाची फाइल उघडी आहे का? बॅकअप किंवा डिस्कची तपासणी चालू आहे का? कोणी लॉगिन करून बसलंय का? नेटवर्कवरून काही वाहतंय का? सगळ्याला सलग ‘नाही’ आलं, तरच बंद. ओपनमीडियाव्हॉल्ट ही फाइल सर्व्हरसाठीची तयार सिस्टिम वापरत असाल तर हे काम करणारं प्लगइन तयार मिळतं.

‘सलग’ किती, यातच चुका होतात. मी आधी दहा मिनिटं ठेवली होती. गणपतीत सगळे चाकरमानी घरात, पोरं टीव्हीवर सर्व्हरमधला पिक्चर बघत होती. आरतीची हाक आली, पिक्चर थांबवून सगळी उठली. आमच्याकडे आरत्या चांगल्या पाऊण तास चालतात. परत येऊन बघतात तर सर्व्हर झोपलेला, टीव्ही रागावलेला, आणि पुतण्या विचारतोय की काका, तुझा कॉम्प्युटर पण आरतीला गेला होता काय. तेव्हापासून साठ मिनिटं. गणपती आणि मे महिन्यात, घर भरलेलं असताना, ही स्क्रिप्ट मी सरळ थांबवून ठेवतो.

बॅकअपसाठी साधी युक्ती करा. बॅकअप सुरू होताना एका ठिकाणी रिकामी फाइल तयार करायची आणि संपला की पुसायची. ती फाइल आहे तोवर बंद व्हायचं नाही. मात्र बॅकअप मध्येच मेला तर फाइल तशीच राहते, तेव्हा बारा तासांपेक्षा जुनी असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करायला स्क्रिप्टला सांगून ठेवा.

स्लीपमध्ये ठेवावा की पूर्ण बंद करावा?

गावात पूर्ण बंद. स्लीपमध्ये रॅम चालू राहते, आणि तेवढ्यात लाईट गेली तर ते अचानक बंद पडल्यासारखंच झालं. उठायला लागणारा पाऊण मिनिट मला चालतो.

रोज चालू-बंद केल्याने हार्ड डिस्क मरत नाही का?

रोज दोनदा केल्याने नाही. साध्या डेस्कटॉप डिस्कलाही कंपनी साधारण 50,000 वेळा फिरू-थांबू शकेल असं सांगते. दिवसाला दोनदा धरलं तर ते संपायला अडुसष्ट वर्षं लागतील. डिस्क त्याआधी दुसऱ्या कशाने तरी जाईल.

घात होतो तो सर्व्हर चालू ठेवून फक्त डिस्क झोपवण्याच्या हौसेत. एचडीपार्म या कमांडने दहा मिनिटांवर झोपवायची, आणि कुठलं तरी लॉग किंवा तापमान बघणारा प्रोग्रॅम दर बारा मिनिटांनी तिला उठवणार. दिवसाला 120 फेऱ्या, वर्षाला 43,800. एका वर्षात जवळपास सगळं आयुष्य संपलं. डिस्क झोपवायचीच असेल तर तिला कोण उठवतंय ते आधी शोधा, नाहीतर चालू असताना तिला फिरू द्या.

लाईट गेली तर?

हा खरा प्रश्न. बाकी सगळं कुठल्याही शहरात सारखंच आहे.

बायॉसमध्ये ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ अशा नावाचा पर्याय असतो, वीज परत आल्यावर काय करायचं ते सांगणारा. तो ‘पॉवर ऑन’वर ठेवला की झालं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. झालं नाही. यूपीएस आहे असं धरा. लाईट गेली, यूपीएसची बॅटरी उतरत आली, त्याने यूएसबी वायरवरून सर्व्हरला सांगितलं आणि सर्व्हर नीट बंद व्हायला लागला. नेमकी त्याच दोन मिनिटांत लाईट आली. सर्व्हर तर बंद झाला, पण यूपीएसमधून त्याला मिळणारा पुरवठा एकदाही तुटला नाही. त्याच्या दृष्टीने वीज गेलीच नव्हती, मग ‘परत आली’ म्हणून उठायचं कशाला? माझा सर्व्हर असा अकरा दिवस पडून होता. भाऊ म्हणाला फाइली दिसत नाहीत, मी म्हटलं नेट गेलं असेल.

नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे नट, या प्रोग्रॅममध्ये यावर उपाय आहे. सर्व्हर बंद होता होता शेवटी यूपीएसला सांगतो की थोड्या सेकंदांनी तुझा पुरवठा तोड, आणि लाईट असली तरी थोडं थांबून मगच परत दे. त्यामुळे वीज एकदा खरोखर तुटते आणि बायॉसला उठायचं निमित्त मिळतं. मात्र यूपीएसला हे करता यायला हवं. स्वस्तातल्या कित्येक यूपीएसना यूएसबीचं तोंडच नसतं. घेताना मागची बाजू बघा.

घराला इन्व्हर्टर आहे. वेगळा यूपीएस कशाला?

कोकणातल्या निम्म्या घरांची हीच गोष्ट. इन्व्हर्टर पंखे आणि दिव्यांसाठी असतो, तो सर्व्हरशी बोलत नाही. लाईट गेल्याचं सर्व्हरला कळतच नाही. बॅटरी संपेपर्यंत तो मजेत चालतो आणि मग धाडकन पडतो.

आधी स्विच बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना ‘यूपीएस मोड’ असतो. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला जो वेळ लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर रिसेट होऊ शकतो, कारण त्याचा पॉवर सप्लाय सोळा-सतरा मिलिसेकंदच तग धरेल याची खात्री असते. यूपीएस मोडमध्ये बदल लवकर होतो. पण त्याची दुसरी बाजू अशी की यूपीएस मोड कमी व्होल्टेज सहन करत नाही. मे महिन्यात संध्याकाळी वाडीतले सगळे पंप चालू झाले की आमच्याकडे दिवे पिवळे पडतात. तेव्हा लाईट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, आणि रात्री खरी लाईट गेली की बॅटरीत काही उरलेलं नसतं.

आता सर्व्हरला लाईट गेल्याचं कसं कळवायचं? मी एक साक्षीदार ठेवलाय. घरातला एक पॉइंट सहसा इन्व्हर्टरवर नसतो, तो म्हणजे फ्रिजचा. त्याच्या शेजारच्या सॉकेटला दोन-तीनशे रुपयांचा एक छोटा वायफाय बोर्ड मोबाइलच्या चार्जरवर लावून ठेवलाय. तो काहीच करत नाही, फक्त पिंगला, म्हणजे नेटवर्कवरच्या ‘आहेस का?’ या हाकेला, उत्तर देतो. राउटर इन्व्हर्टरवर आहे. राउटर बोलतोय पण साक्षीदार गप्प, याचा अर्थ लाईट गेली. पाच मिनिटं गप्प राहिला की सर्व्हर स्वतःला बंद करतो. राउटरच गप्प असेल तर मात्र गडबड नेटवर्कची आहे, तेव्हा बंद व्हायचं नाही. ही दुसरी अट विसरू नका, नाहीतर राउटर रिस्टार्ट केला की सर्व्हर झोपणार.

बंद होणं जमलं. मग परत उठवणार कोण?

इथे मी शेवटी पूर्ण पद्धतच बदलली. आधी सगळी अक्कल सर्व्हरमध्येच भरली होती. पण झोपलेला माणूस स्वतःला कसा उठवणार? निर्णय घेणारा कायम जागा हवा आणि त्याने अगदी कमी खावं. म्हणून रास्पबेरी पाय नावाचा एक छोटासा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर कायम चालू ठेवला, तीन-चार वॅटवर. गावच्या वेशीवर राखणदार असतो, तसा हा घरातला. भावाने त्याचं नावही नेटवर्कवर ‘राखणदार’ असंच ठेवलंय.

साक्षीदारावर नजर तोच ठेवतो. साक्षीदार परत बोलू लागला की राखणदार लगेच सर्व्हरला उठवत नाही, पंधरा मिनिटं थांबतो. आमच्याकडे लाईट आल्या आल्या दोन-तीनदा जाते-येते, तेवढ्यात कशाला घाई? पंधरा मिनिटं साक्षीदार सलग बोलत राहिला आणि सर्व्हरची उठायची वेळ असेल, तर मॅजिक पॅकेट. अकरा दिवसांचा तो घोळ यात होऊच शकत नाही. आणि इन्व्हर्टरची बॅटरीच पूर्ण संपली, तरी वीज आल्यावर पाय आपोआप सुरू होतो, त्याला बटणच नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ इथून गेलं तेव्हा हे काहीच नव्हतं. लाईट सहाव्या दिवशी आली आणि सर्व्हर उठवायला मी स्वतः गेलो.

पायचं एसडी कार्ड अशा अचानक जाण्याने खराब होतं. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ओव्हरले फाइल सिस्टिम’ चालू केली की कार्डावर लिहिणं थांबतं. पाय घ्यायचा नसेल तर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) चालणारा जुना राउटरही हे काम करतो.

स्मार्ट प्लग लावून मोबाइलवरून चालू-बंद केलं तर?

चालू करायला ठीक. चालू सर्व्हरचा प्लग तोडणं म्हणजे लाईट घालवणंच आहे, फक्त दोष स्वतःचा. प्लग वापरायचाच तर सर्व्हर आधी नीट बंद होऊ द्या, वॅट दोनाच्या खाली गेले की मग तोडा.

मुंबईहून उठवता येईल का?

येईल, पण मॅजिक पॅकेट इंटरनेटवरून थेट पाठवून नाही. ते घरातल्या नेटवर्कपुरतंच असतं. शिवाय गावाकडच्या बहुतेक ब्रॉडबँडवर आपल्याला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, एका पत्त्यामागे अनेक घरं असतात, त्यामुळे बाहेरून आत यायला दारच नसतं. राखणदारावर टेलस्केल हा खाजगी जोडणीचा (व्हीपीएन) प्रोग्रॅम किंवा तसंच काही बसवा. ते आतून बाहेर जोडणी करतं. भाऊ डोंबिवलीहून राखणदारात शिरतो आणि राखणदार घरातल्या घरात हाक मारतो. राउटरमध्ये पोर्ट उघडून ठेवायची गरज नाही, ठेवूही नका.

विजा चमकायला लागल्या की?

प्लग काढा. मे अखेरचा वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, या दोन काळात विजा फार. प्लग काढला की 5 व्होल्टचा प्रवाहही गेला, म्हणजे वेक-ऑन-लॅन आणि बहुतेक बोर्डांवर गजरही बंद. तेवढे दिवस आपोआप काही होणार नाही, चालेल. लॅनची तांब्याची वायरही काढा. पडवीतून गोठ्याच्या कॅमेऱ्यापर्यंत ओढलेली तर आधी. बाबांना मी प्लगवर लाल रिबन बांधून दिलीय, आभाळ काळवंडलं की ते ती ओढतात.

अर्थिंगही एकदा तपासून घ्या. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो. आम्ही मार्चपासून त्यात आठवड्याला कळशीभर पाणी ओततो.

पावसाळ्यात बंद ठेवलेलं मशीन दमट हवेने खराब होत नाही का?

होतं. याबाबतीत माझं मत ‘जास्तीत जास्त बंद ठेवा’ याच्या उलट आहे. जून ते सप्टेंबर मी सर्व्हर रोज चार तास तरी चालवतो, कोणाला लागो न लागो. चालू मशीन गरम राहतं आणि आतला ओलावा उडतो. महिनाभर बंद ठेवलेल्या रॅमच्या पट्टीवर मी हिरवट बुरा पाहिलाय. जागाही बघून ठेवा: समुद्राकडच्या बाहेरच्या भिंतीला नको, जमिनीवर नको, आणि माळ्यावर तर नकोच, कौलांखाली उन्हाळ्यात भट्टी होते. दर दिवाळीत लॅनच्या आणि डिस्कच्या पिना काढून काँटॅक्ट क्लीनर मारा. आतली पाल बाहेर काढा. एक तरी असतेच.

मुंबईहून एसी गाडीतून डिस्क आणली तर लगेच लावू नका. थंड डिस्कवर इथल्या हवेचं दव धरतं. तीन-चार तास पिशवीतच राहू द्या.

तयार नास (विकत मिळणारा फाइल सर्व्हरचा डबा) घेतला तर यातलं काय करावं लागेल?

बरंच कमी. सिनॉलॉजीसारख्या तयार डब्यांत चालू-बंदचं वेळापत्रक सेटिंगमध्येच असतं, बऱ्याचशा यूपीएसशी ते यूएसबीवरून बोलतात, वेक-ऑन-लॅनही असतं. पैसे जास्त, डोकेदुखी कमी. पण इन्व्हर्टरचा प्रश्न तिथेही तसाच राहतो, साक्षीदार लागतोच.

घरातल्या मोठ्या माणसांना हे जमेल का?

मोबाइलमधलं अ‍ॅप आईने एकदाच वापरलं. मग मी राखणदाराला दारावरच्या बेलचं एक साधं बटण जोडलं, एक वायर पायच्या पिनेला आणि एक ग्राउंडला. शेजारी हिरवा एलईडी, त्याला 330 ओहमचा रेझिस्टर. बटण दाबलं की मॅजिक पॅकेट जातं, दिवा लुकलुकतो. सर्व्हर पिंगला उत्तर द्यायला लागला की दिवा स्थिर. बंद करायचं बटण मुद्दामच ठेवलेलं नाही. आता दुपारी आईला नातवंडांचे फोटो टीव्हीवर बघायचे असले की ती बटण दाबते, चुलीवरचं दूध खाली उतरवते, आणि येईपर्यंत दिवा स्थिर झालेला असतो.